पाणी पिणारी गाडी

भावाकडून घेतलेल्या वस्तूला नवऱ्यानं नावं ठेवली की जिवाला किती घोर लागतो, हे वहिनींना ट्रक घरी येईपर्यंत माहीत नव्हतं. तोवर भावाकडून आलं होतं ते एक शिलाई मशीन आणि एक शिडी. शिडीला कोण काय बोलणार? ट्रकचं तसं नाही. ट्रक रस्त्यात बंद पडतो, आणि पडतो तो चारचौघांच्या देखत.

वहिनी म्हणजे काचवाल्याची बायको. दुकान दोघांचं, पण गिऱ्हाइकं त्याला नुसतं ‘काचवाला’ म्हणत आणि हिला ‘वहिनी’. एकाला अरे आणि दुसरीला अहो असा तिथला कारभार होता, आणि तो कारभार बरोबर आहे असं वहिनींचंही मत होतं. तो काचा कापायचा. वहिनी खिडक्यांची मापं घेऊन यायच्या, फोन घ्यायच्या आणि उधारीवाल्यांशी गोड बोलायच्या. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे अंगण आणि अंगणाला लोखंडी फाटक.

काच न्यायला स्वतःची गाडी नव्हती. भाड्याच्या टेम्पोवाल्याला सांगून सांगून तोंड दुखायचं की बाबा, खड्डा बघून चालव. तो मान डोलवायचा आणि खड्डा बघूनच, अगदी नेमका त्यातूनच न्यायचा. अशात वहिनींच्या दादाची पाठ धरली. आयुष्यभर लाकडं वाहिलेला माणूस तो, आता त्याला भरल्या गाड्या तोलायच्या वजनकाट्यावर बसायचं काम मिळालं आणि त्याचा छोटा ट्रक रिकामा झाला. वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, “माझ्या भावाची गाडी आहे. डोळे झाकून घ्या.”

काचवाल्यानं खरोखरच डोळे झाकून घेतली. बॉनेटसुद्धा उघडून पाहिलं नाही. दादानं देताना गाडी धुऊन पुसून दिली, ऑइल बदललं, रेडिएटरमध्ये नवं हिरवंगार कूलंट भरलं, थंडीत गोठत नाही आणि उन्हात उकळत नाही असं. किल्ली देताना त्यानं गाडीच्या दारावर एकदा हात फिरवला आणि बसनं घरी गेला. आईवडील गेल्यापासून वहिनींचं माहेर म्हणजे हा एवढाच माणूस. रोज संध्याकाळी काट्यावर गर्दी ओसरली की तो फोन करायचा आणि विचारायचा, “आज भाजी काय?” भाजी कळली की फोन ठेवायचा. एवढ्यावर वहिनींचा दिवस भागायचा.

पहिले काही दिवस गाडी शहाण्यासारखी चालली. मग एके दिवशी काचवाला भर रस्त्यातून धूर काढत परत आला. तापमानाचा काटा वर गेलेला, रेडिएटर कोरडा ठणठणीत. त्यानं पाणी भरलं, गाडी दिवसभर नीट चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर रेडिएटर परत कोरडा. परत भरला. तिसऱ्या दिवशी परत तेच. खाली वाकून पाहिलं तर जमिनीवर पाण्याचा टिपूस नाही. पाणी जातंय, पण सांडत नाही. मग जातंय कुठं?

मिस्त्रीला बोलावलं. हा मिस्त्री कोणत्याही दुखण्यावर आधी हात पुसायचा आणि मग म्हणायचा, “बघावं लागेल.” त्या दिवशी त्यानं हात दोनदा पुसले. पाणी भरताना बुडबुडे येतात का विचारलं. येतात. सकाळी पांढरा धूर? येतो. खाली गळती? नाही.

“मग इंजिनच पितंय,” मिस्त्री म्हणाला. “हेड गॅसकेट.”

इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा बसवलेला असतो, तो म्हणजे हे गॅसकेट. तो जळला की पाणी आत शिरतं आणि धूर होऊन बाहेर जातं. पत्रा असतो एवढासा, पण त्याच्यापर्यंत पोचायला अख्खं इंजिन उघडावं लागतं. मिस्त्री हे सगळं इतक्या शांतपणे सांगत होता की काचवाल्याला त्याचाच राग आला.

“अशी गोष्ट दोन दिवसांत होत नाही,” जाता जाता मिस्त्री म्हणाला. “आधीपासूनच असणार.”

झालं. एवढं एक वाक्य टाकून तो सायकलवर बसून गेला आणि ते वाक्य घरात राहायला आलं.

घरात तिसरं माणूस म्हणजे काचवाल्याचे वडील, नाना. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, तोही उंच डोंगरातल्या घाटांमध्ये, जिथं थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते असं ते सांगत. आता कानानं कमी ऐकू यायचं आणि डोळ्यांचाही भरवसा नव्हता. दादाचा ट्रक आल्यावर काही दिवसांनी त्यांनी तो एकदा मागं घेऊन दाखवला आणि फाटकाच्या खांबाला घासला. खांब पुढे आला होता, असं नानांचं म्हणणं. काचवाला त्या दिवशी नको तेवढं बोलला. पुन्हा गाडीला हात लावायचा नाही, म्हणाला, आणि खिळ्यावरची किल्ली काढून खिशात घातली. दुसऱ्या दिवसापासून नानांनी संध्याकाळी बादली घेऊन मागची बोळ धुवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी बोळीत हिरवट पाणी वाहिलं तेव्हा वहिनींना वाटलं, नवा साबण आणला असेल. म्हातारा रिकामा बसत नाही हे पाहून दोघांना बरंच वाटलं, आणि बोळही कधी नव्हे ती चकचकीत राहू लागली.

गॅसकेटचं कळल्यावर नानांचं मतही घेतलं गेलं. काचवाल्याला ते घ्यायचं नव्हतं, पण नाना आपण होऊन येऊन उभे राहिले. त्यांनी चालू इंजिनावर लांब पाना टेकवला, त्याचं दुसरं टोक कानाला लावलं, डोळे मिटले आणि पुष्कळ वेळानं म्हणाले, “गॅसकेट गेलं.” बापलेकांचं एकमत होण्याचा हा प्रसंग घरात फार दिवसांनी आला होता. वहिनींना मात्र त्याचा आनंद झाला नाही.

त्यानंतर जेवताना ताटात भाजी पडायच्या आधी गॅसकेट पडू लागलं. काचवाला वहिनींना थेट बोल लावत नव्हता. लावला असता तर दोन शब्द ऐकवता तरी आले असते. तो नुसता म्हणायचा, “आपल्या माणसाकडून घेतलेली गाडी, काय बोलणार?” नाहीतर म्हणायचा, “दादांना माहीत नसेलही. असं मी म्हणतो बरं का.” आणि मग घास चावत बसायचा. नानांना यातलं अर्धं ऐकू जायचं नाही, ते ताक मागायचे.

वहिनी आधी ताठ होत्या. दादा कुणाच्या गळ्यात खराब वस्तू मारेल? शक्य नाही. पण रोज सकाळी नवरा बादल्या भरभरून रेडिएटरात ओततोय, हे डोळ्यांनी दिसत होतं. हळूहळू त्यांच्याही मनात पाल चुकचुकली. दादाची पाठ गेलेली, गरज होती, एखाद्यानं सांगितलंही असेल की आता विकून टाक. असा विचार केल्याबद्दल त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच त्यांनी फोन लावला.

“दादा, खरं सांग. गॅसकेट आधीच गेलं होतं का?”

पलीकडे बराच वेळ काट्यावरच्या गाड्यांचे आवाज येत राहिले.

“माझ्याकडे गाडीला पाणी लागत नव्हतं,” दादा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

त्या संध्याकाळी भाजी काय ते कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनी मुद्दाम फोन ओट्यावर ठेवून स्वयंपाक करायच्या. फोन वाजायचा, पण खिडकीची काच फुटलेल्यांचा. जगात एवढ्या खिडक्या फुटतात कशा, असा त्यांना राग यायचा.

मिस्त्रीनं गाडी उघडायच्या आधी एक रात्र स्वतःच्या आवारात ठेवून घेतली. सकाळी बघितलं तर रेडिएटर काठोकाठ. त्यानं हात पुसले. कधी कधी दुखणं दबतं, म्हणाला, घरी नेऊन बघा. घरी आणली, आणि दुसऱ्या सकाळी कोरडी. काचवाल्याचा तोल सुटला. गाडीसुद्धा माणूस बघून वागते म्हणाला, आणि हे दुखणं आपल्याला नको, ज्याचं त्याला परत. त्यानं तसा निरोपच पाठवला. वहिनी मधे बोलल्या नाहीत. काय बोलणार होत्या? डोळे झाकून घ्या, हे त्यांचेच शब्द.

दादाचं उत्तर वहिनींच्या फोनवर आलं. ‘रविवारी येऊन गाडी घेऊन जातो. चहा ठेवू नकोस.’

पहिलं वाक्य वहिनींनी एकदाच वाचलं. दुसरं कितीदा वाचलं ते त्यांनाच ठाऊक. गाडी गेली तर गेली, भाड्याचा टेम्पो आहेच. पण ज्या घरी चहा नको त्या घरी दादा पुन्हा कशाला येईल? रविवारी फाटकातून ट्रक गेला की त्याच्यामागून माहेरही जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

शनिवारी दिवे लागायच्या वेळी त्या अंगणात गेल्या. गाडी परत द्यायची तर मागच्या बाजूला बसवलेली, काचा उभ्या टेकवायची लाकडी घोडी आणि जुनी ब्लँकेटं काढून घ्यायला हवी होती. गाडीपाशी पोचल्या तर पुढच्या चाकाजवळ दोन पाय दिसले. पायांत नानांच्या चपला होत्या. नाना गाडीखाली आडवे झाले होते, छातीशी बादली होती आणि बादलीत धार पडत होती.

वहिनी खाली बसल्या. “नाना, काय करताय?”

“पाणी काढतोय.”

“कसलं?”

“रेडिएटरचं. आणखी कसलं असतं?” नानांनी आधी तोटी बंद केली, फडक्यानं कोरडी पुसली आणि मगच ते बाहेर आले. “थांब, थेंब सांडायला नको. चालकाच्या गाडीखाली ओल दिसली की समजावं, माणूस आळशी आहे.”

वहिनींनी आधी बादलीकडे पाहिलं, मग बोळीकडे. शेवटी त्यांनी विचारलं, “रोज काढता?”

“म्हणजे? रात्रभर पाणी आत ठेवतात का?” नानांना सुनेच्या अज्ञानाची कीव आली. त्यांनी समजावून सांगितलं. रात्री थंडी पडते, पाणी गोठतं, गोठलं की फुगतं आणि इंजिनाला तडा जातो. म्हणून संध्याकाळी पाणी काढायचं आणि सकाळी चालवणाऱ्यानं ताजं भरायचं. घाटात सगळे असंच करायचे. एकदा त्यांना ताप होता आणि ते तसेच झोपले. सकाळी इंजिनाला वरपासून खालपर्यंत चीर. “मालक एका शब्दानं बोलला नाही,” नाना म्हणाले. “नुसता हात पुढे केला आणि किल्ली मागितली.”

“पण नाना, इथं पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही.”

“आजवर पडली नाही. ज्या रात्री पडेल त्या रात्री आधी कळवून पडणार आहे का?”

वहिनींनी तो नाद सोडला. त्यांनी दुसरं विचारलं. हे यांना, म्हणजे तुमच्या मुलाला, माहीत आहे का?

नाना हसले. एवढं मोकळं हसताना वहिनींनी त्यांना खांबाच्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

“बोलत नाही तो. पण रोज सकाळी उठून भरतो की नाही? मी बघतो ना खिडकीतून. आधी मला वाटलं, ओरडेल. नाही ओरडला. चुपचाप बादली आणली आणि भरलं. दुसऱ्या दिवशीही भरलं. तेव्हाच समजलो, राग गेला पोराचा. मी काढतो, तो भरतो. जमलंय आमचं.”

आणि मग आवाज खाली आणून, म्हणजे शेजारच्या घरी जेमतेम ऐकू जाईल इतका, ते म्हणाले, “आणि एक सांगतो, मनाला लावून घेऊ नकोस. तुझा भाऊ माणूस चांगला आहे, पण त्यानं वर्षानुवर्षं पाणी बदललं नव्हतं. पहिल्या दिवशी काढलं तर हिरवं निघालं, पार शेवाळ धरलेलं. मी कुणाला बोललो नाही. लगेच ओतून बोळ धुऊन टाकली. सुनेच्या माहेरची गोष्ट, उगीच चर्चा कशाला?”

वहिनींना हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आलं तर म्हातारा घाबरेल म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. नानांना वाटलं, भावाची लाज वाटली असेल. त्यांनी सुनेच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि बादली घेऊन बोळ धुवायला गेले.

काचवाला दुकानात टेबलावर काच आखत होता. वहिनींनी पाठीमागचं दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं, काही न वगळता. खिडकीतून बघतात तेही, आणि जमलंय आमचं म्हणाले तेही. काचवाल्यानं काच कापायचा हिरा खाली ठेवला.

“रोज?”

“रोज.”

“आणि गॅसकेट गेलं म्हणून त्यांनी स्वतः सांगितलं!”

“तुम्ही म्हणालात, गाडी पाणी पिते. त्यांना वाटलं, दिवसाचं म्हणताय. रात्रीचं ते स्वतः काढतातच, ते कशाला सांगायचं?”

काचवाला स्टुलावर बसला. बापाला जाऊन जाब विचारायचा म्हणून एकदा उठलाही, पण दारापर्यंत जाऊन परत आला. बोळीतून झाडूचा आवाज येत होता.

“खांबावरून मी जरा जास्तच बोललो होतो,” तो म्हणाला.

“जराच?”

काचवाल्यानं मान हलवली. मग म्हणाला की नानांना यातलं काही सांगायचं नाही. गाडी पाण्यावर चालते तर चालू दे, तो सकाळी थोडा लवकर उठेल. पण दादांना काय सांगायचं?

“दादाला खरं सांगायचं,” वहिनी म्हणाल्या. “फोन मी करते. माफी उद्या तुम्ही मागायची, समोर उभं राहून.”

त्यांनी फोन केला. बोळीपासून बादलीपर्यंत सगळं सांगितलं. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि “बरं” एवढंच म्हणाला. हसला नाही, चिडला नाही, भाजी विचारली नाही. येतो म्हणाला नाही आणि येत नाही असंही म्हणाला नाही. वहिनींचा रात्रभर डोळा लागला नाही.

रविवारी सकाळी वहिनींनी चहाचं आधण ठेवलं, बंद केलं, परत ठेवलं. दादा आला तेव्हा त्याच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीतून कूलंटच्या नव्या डब्याचं हिरवं झाकण डोकावत होतं. काचवाला अंगणात त्याच्यापुढे उभा राहिला. “दादा, ते माझंच… म्हणजे निरोप पाठवायला नको होता मी.” दादा म्हणाला, असू दे, आणि गाडीकडे वळला.

तेवढ्यात नाना आले. त्यांनी दादाचा दंड धरला, त्याला बॉनेटपाशी नेलं आणि इकडेतिकडे बघून कुजबुजायला लागले. नानांची कुजबुज ती, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या असलेल्या वहिनींना शब्दन् शब्द ऐकू आला.

“हे बघ, वडिलांसारखा म्हणून सांगतो. रेडिएटरचं पाणी बदलत जावं रे. शेवाळ धरलं होतं आत. इंजिन किती चांगलं ठेवलंस, आणि एवढ्याचाच आळस? मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.”

वर्षानुवर्षं त्या गाडीला दादानं लेकरासारखं जपलं होतं. गेले कित्येक दिवस त्यानं बहिणीचा संशय सोसला, मेहुण्याचा निरोप सोसला, आणि आता स्वतःच्या हातानं भरलेल्या नव्याकोऱ्या कूलंटला शेवाळ म्हटलेलं ऐकत तो उभा होता. एका वाक्यात तो सगळा हिशोब मिटवू शकला असता. डबा तर हातातच होता.

दादानं खिडकीकडे पाहिलं. मग पायानं पिशवी हळूच चाकामागे सारली.

“चुकलंच, नाना,” तो म्हणाला. “आळस केला.”

“होतं,” नाना म्हणाले. “पण आता काळजी करू नकोस. आता इथं रोज बदलतं.”

वहिनींना रडू आवरेना. त्यांनी चहा गाळला तो अर्धा ओट्यावर. बाहेर नेऊन दादाच्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, मी तुला तसं विचारायला नको होतं. दादानं आधी फुंकर घालून एक घोट घेतला.

“विचारलंस ना, त्या दिवसापासून मीच विचार करत बसलो होतो,” तो म्हणाला. “शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं, गेलं असेल गॅसकेट.”

चहा संपवून तो पिशवी उचलून बसनं घरी गेला. गाडी अंगणातच राहिली.

सोमवारी संध्याकाळी ओट्यावरचा फोन वाजला. मागे वजनकाट्याचा गोंगाट होता. दादानं विचारलं, आज भाजी काय? वहिनींनी सांगितलं. पण त्यानं फोन ठेवला नाही.

“आणि नानांनी पाणी काढलं का?”

वहिनींनी खिडकीतून पाहिलं. पुढच्या चाकाजवळ दोन चपला दिसत होत्या, आणि काचवाला दुकानाच्या मागच्या दारात उभा राहून, आपण काहीच बघत नाही अशा चेहऱ्यानं दुसरीकडे बघत होता.

“काढताहेत,” त्या म्हणाल्या.